स्वस्त की स्वतंत्र? ‘रेड’ निबंधाचे पुनर्वाचन

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर अशाच एका गावातल्या शाळेत आम्ही मदतीला गेलो होतो. कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात दाखल-खारीज रजिस्टरे होती. ती फुगून विटेसारखी झाली होती. शेजारच्या टेबलाखाली संगणक होता. रजिस्टरांची पाने स्कॅन करून ज्यात भरली होती तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता. मुख्याध्यापकांनी काळजी घेतली नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मूळ कागद, संगणकातली प्रत आणि पेन ड्राइव्हवरची प्रत अशी तिहेरी व्यवस्था त्यांनी केली होती. मात्र तिन्ही प्रती एकाच खोलीत होत्या, आणि पाणी खोलीत आले होते.

आम्ही पाने सुटी करून व्हरांड्यात वाळवत होतो, तेव्हा एक तरुण दारात येऊन उभा राहिला. “सर, माह्या आज्याचा दाखला पाह्यजे होता.” शिक्षकांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतर मागासवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आजोबा पहिलीत दाखल झाले त्या दिवशी कोणा गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ नातवाच्या प्रवेशाचा निकाल लावते. शाळेची ही नोंद साठ-सत्तर वर्षे टिकावी लागते. संगणकाची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, पाच-सात वर्षे नीट चालली तरी आपण तिचे कौतुक करतो.

त्या आठवड्यानंतर आम्ही एक जुना शोधनिबंध पुन्हा वाचायला घेतला. माहिती साठवण्याच्या शास्त्रात त्याच्याइतका उद्धृत झालेला निबंध क्वचितच सापडेल. आजही साठवणुकीची यंत्रणा विकायला येणारा माणूस त्यातल्याच संज्ञा वापरतो. निबंध मोठा आहे यात आम्हाला शंका नाही. तो कुठे भक्कम आहे आणि कुठे पोकळ आहे हे मात्र आपल्या जिल्ह्यातून पाहिले तर जास्त स्पष्ट दिसते, असे आमचे मत झाले. तेच येथे मांडतो.

निबंध आणि त्याचा युक्तिवाद

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. शीर्षकाचे मराठी करायचे तर ‘स्वस्त तबकड्यांच्या जादा भरतीच्या ताफ्याची बाजू’ असे काहीसे अवघडलेले रूप होईल. इंग्रजी आद्याक्षरे जोडून झालेला ‘रेड’ हा शब्द पुढे जगभर रूढ झाला. शीर्षकातला ‘बाजू’ हा शब्द लक्षात ठेवावा. हा निबंध वकिलाच्या थाटात एक बाजू लढवतो, आणि लढवताना विरुद्ध पक्षाचा सर्वांत जोरदार मुद्दा स्वतःच आधी सांगून टाकतो. शास्त्रीय लेखनात हा गुण दुर्मीळ आहे.

त्या काळची अडचण अशी होती. संगणकाचे प्रक्रियक वर्षागणिक भराभर वेगवान होत होते, पण तबकडीवरची माहिती काढून देणारा यांत्रिक हात काही तितक्या झपाट्याने सुधारत नव्हता. हिशेब करणारा चपळ आणि वही शोधून देणारा सावकाश, अशी गत. मोठ्या कार्यालयांत आयबीएमची ३३८० ही तबकडी असे. चौदा इंच व्यासाची, ७,५०० मेगाबाइट मावणारी, किमतीने आणि आकारानेही दांडगी. त्याच वेळी घरगुती संगणकांसाठी कॉनर कंपनीने साडेतीन इंची, १०० मेगाबाइटची छोटी तबकडी बाजारात आणली होती. लेखकांनी विचारले, एका दांडग्या तबकडीऐवजी अशा ७५ छोट्या तबकड्या एकत्र जोडल्या तर? साठवण तेवढीच, वीज कमी, पैसा कमी. शिवाय पंचाहत्तर हात एकाच वेळी काम करणार, म्हणून देवाणघेवाणीची क्षमता सुमारे बारा पट होऊ शकते.

यावरचा आक्षेप तेच मांडतात. छोट्या तबकडीचा सरासरी बिघाडकाळ ३०,००० तास, म्हणजे साधारण साडेतीन वर्षे. अशा १०० तबकड्या जोडल्या, तर त्यांतली कोणती तरी एक सरासरी ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तासांत बिघडणार. दोन आठवडेसुद्धा नाही! दर पंधरवड्याला माहिती गमावणारी यंत्रणा कितीही वेगवान असली तरी काय कामाची? निबंधाचा उरलेला सारा भाग या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

हजेरीपटावरचा प्रयोग

उत्तर काय आहे ते वर्गात दाखवणे सोपे आहे. फळ्यावर आजची हजेरी लिहा: पाचवी ३८, सहावी ४१, सातवी ३५, आठवी ४४, एकूण १५८. आता सातवीचा आकडा पुसून टाका आणि मुलांना विचारा. १५८ मधून ३८, ४१ आणि ४४ वजा केले की ३५ परत मिळतात. चार तबकड्यांची माहिती सांभाळायला चार जादा तबकड्या लागत नाहीत. बेरजेची एकच जादा तबकडी पुरते. संगणक साध्या बेरजेऐवजी दोनाच्या पायाची, हातचा न घेणारी बेरीज वापरतो, पण तत्त्व हेच. एक अट मात्र आहे, आणि ती मुलांच्या लक्षात यायलाच हवी: कोणता आकडा गेला हे ठाऊक असले पाहिजे. आकडा पुसला गेला तर ते दिसते. कोणी ३५ चे ५३ केले तर बेरीज जुळत नाही एवढेच कळते, चूक कुठल्या इयत्तेत झाली ते कळत नाही. आणि दोन आकडे एकदम पुसले गेले तर काहीच सापडत नाही.

निबंधात पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक तबकडीची जुळी प्रत. सुरक्षित, पण खर्च दुप्पट. दुसरी पायरी रिचर्ड हॅमिंग यांच्या चूक-दुरुस्ती संकेतावर उभी आहे. व्यवहारात ती जवळजवळ कोणी वापरली नाही, आणि त्याचे कारण लेखकांच्याच विवेचनात आहे. बिघडलेली तबकडी स्वतःच सांगते की मी बिघडले, मग चूक कुठे ते शोधण्यासाठी जादा तबकड्या कशाला? म्हणून तिसऱ्या पायरीवर बेरजेची एकच तबकडी उरते. चौथी आणि पाचवी पायरी वेगासाठी आहेत, आणि आम्हाला निबंधाचा सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

पुन्हा फळ्याकडे वळा. सहावीत एक मूल उशिरा आले, ४१ चे ४२ झाले. बेरीज दुरुस्त करायला सगळ्या वर्गांत फिरावे लागते का? नाही. जुना आकडा पाहा, जुनी बेरीज पाहा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. चार कामे झाली, बाकीच्या इयत्तांना त्रास नाही. पण बेरजेची वही एकाच गुरुजींकडे असेल, तर आठही वर्गांतली उशिरा येणारी मुले त्यांच्याच दारात रांग लावतील. ही चौथी पायरी. पाचव्या पायरीवर बेरजेचे काम वाटून देतात. सोमवारची बेरीज पाचवीच्या बाईंकडे, मंगळवारची सहावीच्या सरांकडे, अशी फिरती पाळी. रांग मोडली! एकही जादा माणूस न नेमता केवळ कामाच्या वाटपाने वेग वाढला. विद्यार्थ्यांना हे खेळ म्हणून करू द्यावे. शिपायाने मधेच घंटा द्यावी आणि ४२ लिहून झाले पण बेरीज राहिली, तर काय होते तेही पाहू द्यावे. वीज मधेच गेली की संगणकात नेमके हेच होते, आणि मोठ्या यंत्रणांत बॅटरीवर चालणारी स्मृती ठेवतात ती याचसाठी.

एक गोष्ट नोंदवायला हवी. यातले सगळे काही या तिघांनी शोधले असे नाही. जुळ्या तबकड्या आधीपासून वापरात होत्या, आणि गेलेली माहिती बेरजेवरून परत मिळवण्याची कल्पना आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांच्या १९७८ च्या पेटंटमध्ये आहे. या निबंधाने विखुरलेल्या गोष्टी एका शिडीवर मांडल्या, त्यांना नावे दिली आणि हिशेब करून दाखवला. हे काम दुय्यम समजू नये. मेंडेलीव्हनेही मूलद्रव्ये शोधून काढली नव्हती, मांडली होती.

नव्वद वर्षे आणि एक तास

आता त्या हिशेबाकडे वळू, कारण आमचे मतभेद येथून सुरू होतात. शंभर तबकड्या माहितीच्या, दर दहांमागे एक बेरजेची, अशा एकूण ११०. एक बिघडली तर माहिती जात नाही. ती बदलून होण्याआधी तिच्याच गटातल्या उरलेल्या दहांपैकी दुसरी बिघडली तरच जाते. म्हणून सूत्र असे: एका तबकडीच्या बिघाडकाळाचा वर्ग, भागिले एकूण तबकड्या, गटातल्या उरलेल्या तबकड्या आणि दुरुस्तीचा वेळ यांचा गुणाकार. ३०,००० चा वर्ग ९० कोटी. त्याला ११० गुणिले १० गुणिले १ ने भागले की सुमारे ८,२०,००० तास येतात, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे. दोन आठवड्यांची नव्वद वर्षे झाली, आणि जादा तबकड्या फक्त दहा टक्के! पहिल्यांदा वाचताना कोणीही थक्क होईल.

पण सूत्रातला तो शेवटचा १ कसला? दुरुस्तीचा वेळ, एक तास. बर्कलेच्या प्रयोगशाळेत तो खरा असेलही. आपण भंडाऱ्यात हिशेब करू. शुक्रवारी संध्याकाळी तबकडी बिघडली. सोमवारी कोणाच्या तरी लक्षात आले. नागपूरहून माणूस येणार, त्याआधी दरपत्रके मागवायची. चार दिवसांत सगळे उरकले तर तो चमत्कारच, पण धरू चार दिवस, म्हणजे साधारण १०० तास. सूत्रात १ च्या जागी १०० घाला. ८,२०,००० चे ८,२०० तास झाले. वर्षात तास असतात ८,७६०. नव्वद वर्षे वर्षभराच्याही आत आली! तबकड्या त्याच, रचना तीच, खर्च तोच. बदलला तो फक्त तबकडी बदलणाऱ्या माणसाच्या येण्याचा वेळ. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्यावे. व्यस्त प्रमाणाचा धडा याहून परिणामकारक क्वचितच शिकवता येईल.

एक राखीव तबकडी आधीच जोडून ठेवायची आणि बिघाड होताच यंत्राने आपोआप तिच्यावर माहिती उभी करायची, हा यावरचा उपाय मोठ्या केंद्रांत सर्रास केला जातो. तरीही तास एकाचा राहिलेला नाही. आजची १० टेराबाइटची तबकडी सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने सलग वाचली, दुसरे कोणतेही काम दिले नाही, तरी पूर्ण वाचायला ५०,००० सेकंद, म्हणजे जवळपास १४ तास लागतात. साठवण लाखपट वाढली, वाचण्याचा वेग तितका वाढला नाही. त्यात आणखी एक गाठ आहे. घरगुती वापराच्या अनेक तबकड्यांच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्ये इतके बिट वाचताना एखादा बिट वाचता न येण्याची शक्यता दिलेली असते. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. अशा दहा तबकड्या वाचून अकरावी उभी करायची म्हणजे १०० टेराबाइट वाचायचे, आणि माहितीपत्रक शब्दशः घेतले तर वाटेत सात-आठ अडथळे यायचे. म्हणून आज मोठ्या तबकड्यांच्या ताफ्यात एकाऐवजी दोन वेगवेगळ्या बेरजा ठेवतात. कोणत्याही दोन तबकड्या गेल्या तरी माहिती शिल्लक राहते. १९८८ च्या पाच पायऱ्यांना सहावी जोडावी लागली, ती अशी.

एका शब्दाची अदलाबदल

निबंधाच्या नावातले ‘स्वस्त’ हे विशेषण विक्रेत्यांना फार काळ पचले नाही. महागडी यंत्रणा विकताना तिच्या नावातच स्वस्त असे कसे म्हणायचे? थोड्याच वर्षांत त्याच आद्याक्षराचा दुसरा इंग्रजी शब्द बसवला गेला, ‘इंडिपेंडंट’. स्वस्त तबकड्यांच्या स्वतंत्र तबकड्या झाल्या. आद्याक्षरे तीच राहिली, म्हणून कोणाला फारसे जाणवले नाही. आमच्या मते या अदलाबदलीत सगळी गोम आहे.

स्वतंत्र म्हणजे काय? नाणेफेकीत पहिल्यांदा छापा पडला याचा दुसऱ्या फेकीशी संबंध नसतो, तसे एका तबकडीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसणे. नव्वद वर्षांचा हिशेब या गृहीतकावर उभा आहे. लेखकांनी गृहीतक लपवलेले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण वाचणाऱ्यांनी नव्वद वर्षे लक्षात ठेवली आणि गृहीतक विसरले. मग नावातच ‘स्वतंत्र’ हा शब्द येऊन बसला, आणि जे गृहीत धरले होते ते सिद्ध झाल्यासारखे वाटू लागले. ताफ्यातल्या तबकड्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. एकाच पंख्याची हवा खातात, एकाच तारेवरची वीज पितात, एकाच वयाच्या असतात. त्यांना स्वतंत्र म्हणणे म्हणजे एका पंगतीत जेवलेल्या वऱ्हाड्यांना विषबाधा झाली तर प्रत्येकाचे पोट स्वतंत्रपणे बिघडले असे म्हणण्यासारखे आहे.

विशेष म्हणजे या गृहीतकाची झाडाझडती घेणाऱ्यांत मूळ तिघांपैकीच एक जण होता. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांत सरासरी बिघाडकाळ १० ते १५ लाख तास लिहिलेला होता. येथे क्षणभर थांबू, कारण हा आकडा फसवा आहे. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. पण तबकडी ११४ वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नाही. समजा दहा वर्षांच्या हजार मुलांपैकी वर्षाला एक दगावते, तर त्यावरून माणसाचे सरासरी आयुष्य हजार वर्षे असे कोणी म्हणेल का? हा दर तरुणपणाचा असतो, म्हातारपण त्यात नसते. दहा लाख तासांचा खरा अर्थ एवढाच, की हजार तबकड्या वर्षभर चालवल्या तर त्यांतल्या साधारण नऊ बदलाव्या लागाव्यात, ०.८८ टक्के. श्रोडर आणि गिब्सन यांना प्रत्यक्षात आढळले ते एक टक्क्याहून जास्त. दोन ते चार टक्के सर्रास, आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत.

त्याहून महत्त्वाचे दोन निष्कर्ष होते. महागड्या आणि स्वस्त प्रकारच्या तबकड्यांच्या बदलण्याच्या दरात फारसा फरक दिसला नाही. आणि बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. ते झुंडीने येत. एका तासाच्या आत दोन तबकड्या बिघडण्याची शक्यता नेहमीच्या गृहीतकावरून काढली त्याच्या सुमारे चौपट निघाली. म्हणजे मूळ निबंधातला ‘स्वस्त’ हा शब्द एकोणीस वर्षांनी खरा ठरला आणि त्याच्या जागी बसवलेला ‘स्वतंत्र’ खोटा. शास्त्रज्ञाने आपल्याच कीर्तीच्या पायातला दगड हलवून पाहावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

तलावांच्या जिल्ह्यातून

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारी काळापासूनचे तलाव आजही धानाला पाणी देतात. अनेक ठिकाणी ते एकाखाली एक असे साखळीत आहेत, वरच्याच्या सांडव्याचे पाणी खालच्यात. बेताच्या पावसात ही रचना उत्तम. पण वरच्या तलावाची पाळ फुटली तर तो लोंढा खालच्या पाळीवर येतो. गावात दोन तलाव आहेत असे सांगून भागत नाही, ते एकाच नाल्यावर आहेत का हे विचारावे लागते. साकोली किंवा लाखनीकडच्या शाळेतल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. त्याला तबकड्यांचे परावलंबन समजावून सांगायला नाणेफेकीपेक्षा हे उदाहरण बरे.

हाच प्रश्न मोठ्या यंत्रणांनाही विचारावा. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपल्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वस्त यंत्रे घ्यायची, ती सतत बिघडत राहणार हे धरूनच चालायचे, माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवायच्या. पण त्या वेगवेगळ्या मांडण्यांवर, कारण एका मांडणीची वीज आणि जोडणी सामाईक असते आणि ती गेली की मांडणीवरची सगळी यंत्रे एकदम जातात. येथे प्रती मोजताना नाला कोणता ते पाहिले आहे. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करताना उपयोगी पडले ते इतर कार्यालयांत पडून असलेले कागद. एरवी ज्याला आपण लालफितीचा पसारा म्हणून नावे ठेवतो, तो त्या दिवसानंतर राखीव तबकडी ठरला.

शिक्षकांच्या आठवणीतले उदाहरण आणखी जवळचे आहे. जानेवारी २०१८ मध्ये शालार्थ ही पगाराची प्रणाली तांत्रिक बिघाडाने बंद पडली आणि पुढे काही महिने पगारबिले ऑफलाइन करावी लागली. आम्हाला त्यात लक्षणीय वाटले ते हे, की ज्या शाळांतल्या जुन्या लिपिकांना हाताने बिल करता येत होते तिथे अडचण कमी झाली. नव्या यंत्राला पर्याय म्हणून जुन्या पद्धतीची जाण शिल्लक होती, आणि ती यंत्राच्या नाल्यावर नव्हती. ही पिढी निवृत्त होत आहे.

निबंधाने जे विचारातच घेतले नाही

आणखी एक उणीव, आणि ती आमच्या मते सर्वांत मोठी. निबंधात बिघडतात त्या फक्त तबकड्या. माणूस कुठेच नाही. टँडेम ही कंपनी तर न थांबणारे संगणक बनवण्यासाठीच प्रसिद्ध होती. तिथल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्येच, म्हणजे हा निबंध येण्याच्या तीन वर्षे आधी, संगणक का बंद पडतात याचा हिशेब मांडला होता. त्यात यंत्रसामग्रीचा वाटा सुमारे १८ टक्के, तर यंत्रणा चालवण्या-सांभाळण्यातल्या चुकांचा सुमारे ४२ टक्के. रेडची रचना पहिल्या वाट्यावरचा उपाय आहे. दुसऱ्यावर तिचा काडीइतका उपयोग नाही. कारकुनाने चुकून एका विद्यार्थ्याची जन्मतारीख बदलली, तर ती चूक जुळ्या तबकडीवर त्याच क्षणी तितक्याच इमानदारीने उतरते आणि बेरीजही चुकीला धरून नव्याने जुळते. यंत्रणेच्या दृष्टीने सारे आलबेल. नोंद टिकली, पण खोटी टिकली.

रजिस्टरात खोडाखोड झाली की ती दिसते. खाली मुख्याध्यापकांची सही आणि तारीख असते, जुना शब्द आडव्या रेघेखालून वाचता येतो. टाक आणि कागदाच्या त्या पद्धतीत जुनी नोंद पुसायची नाही, शेजारी नवी करायची, हा नियम होता. संगणकाच्या यंत्रणेत तो मुद्दाम आणावा लागतो: कालची प्रत, गेल्या महिन्याची प्रत, मागच्या सत्राची प्रत अशी वेगळी ठेवावी लागते, आणि ती रोजच्या यंत्राला जोडलेली असता कामा नये. ताफा आणि जतन केलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे काम थांबत नाही, दुसरीमुळे मागे जाता येते. विक्रेते पहिली विकताना दुसरीही दिल्यासारखे बोलतात. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक संगणकाच्या पाठ्यपुस्तकांतही साठवणीच्या धड्यात किती मावते याची कोष्टके आहेत. बिघडले तर काय, या प्रश्नाला जेमतेम एक परिच्छेद.

एवढे सगळे म्हणूनही हा निबंध वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी वाचावा असे आम्हाला वाटते. त्याचे गणित भागाकार आणि गुणाकाराच्या पलीकडे फारसे जात नाही. युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचा दोष सांगितलेला असतो. वाचताना दोन आकड्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळ करावे, दुरुस्तीचा एक तास आणि उत्तरातली नव्वद वर्षे. मग त्या तासाच्या जागी आपल्या गावचा आकडा घालून पाहावा.

पुरातल्या त्या शाळेची रजिस्टरे बरीचशी वाचली. टाकाची जुनी शाई बॉलपेनपेक्षा जास्त टिकली, हे आमच्यासाठी नवे होते. त्या तरुणाच्या आजोबांची ओळ सापडली. नाव स्पष्ट होते, जन्मतारखेतला एक अंक फुटला होता, पण तारीख अक्षरांतही लिहिलेली होती, म्हणून निभावले. अंक आणि अक्षर असे दोनदा लिहिण्याची ती पद्धत कोणी सुरू केली असेल कोण जाणे. आता त्या रजिस्टरांची छायाचित्रे काढून एक संच शाळेत आणि एक साकोलीला, एका निवृत्त शिक्षकांकडे ठेवला आहे. वैनगंगेचे पाणी तिथे पोचत नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही संच उघडून पाने मोजायची असे ठरले आहे. मागच्या खेपेला शाळेतल्या संचातली दोन पाने उघडली नाहीत. ती साकोलीहून आणून पुन्हा भरली.